सायकलचा दिवा: रस्ता दिसायला वेगळा, आपण दिसायला वेगळा

सायकलवर बसल्यावर आपला मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही. तो लागलाय असं आपण धरून चालतो. एका पावसाळी संध्याकाळी मीही असाच धरून चाललो होतो. अर्ध्या तासाने एक स्कूटरवाले शेजारी आले आणि ओरडून म्हणाले, "अहो, तुमचा मागचा दिवा बंद आहे!" थांबून पाहिलं तर दिवा चालूच होता. रेनकोटचा मागचा घोळ सरकून त्याच्यावर पडला होता आणि कापडाच्या आत एक मंद लालसर ठिपका तेवढा दिसत होता. अर्धा तास मी भर रहदारीत, दिवा असूनही, अंधारात होतो.

तेव्हापासून कुणी "सायकलला कुठला दिवा घेऊ?" असं विचारलं की मी आधी उलट विचारतो: रस्ता दिसायला हवाय, की आपण दिसायला? ही दोन कामं निराळी आहेत. रस्त्यावर दिवे असतील तर खड्डा दिसायला फारसा उजेड लागत नाही. वळणारा मोटारवाला आपल्याला पाहतोय ना, एवढंच महत्त्वाचं. त्याला बोटाएवढा दिवाही पुरतो. पण रस्ता काळाकुट्ट असेल तर तोच दिवा पुढच्या चाकापलीकडे काही दाखवत नाही. बाजारातले बहुतेक दिवे यातल्या एकाच कामासाठी बनवलेले असतात आणि खोक्यावर ते स्पष्ट लिहिलेलं नसतं. माणूस फसतो तो इथेच.

किती लांबचं दिसायला हवं, याचा हिशेब सोपा आहे. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने सायकल सेकंदाला जवळजवळ ७ मीटर जाते. समोर काहीतरी दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळली जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात १० मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ६ मीटर. म्हणजे १६-१७ मीटरच्या आतला खड्डा दिसला तरी उपयोग नाही, त्यात चाक जाणारच. ताशी ३० चा वेग असेल तर हे अंतर २१ मीटरवर जातं आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही पुढे. उताराच्या अंधाऱ्या रस्त्यावर ज्यांना जायचंय त्यांनी हा आकडा मनात ठेवूनच दिवा निवडावा.

लुमेनचा आकडा काय सांगतो, काय लपवतो

दिव्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लुमेन लिहिलेले असतात. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. नळातून मिनिटाला किती पाणी येतं, तसं हे माप. पण पाणी कुठे पडतं, हे त्यातून कळत नाही. बागेतल्या पाइपाचं तोंड मोकळं सोडलं तर पाणी पायाशी सांडतं. तेच तोंड अंगठ्याने दाबलं की धार लांबच्या कुंडीपर्यंत जाते. पाणी तेवढंच. दिव्यात अंगठ्याचं काम आरसा आणि भिंग करतात.

प्रत्यक्ष रस्त्यावर किती उजेड पडला, त्याचं माप लक्स. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. अंतर दुप्पट झालं की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणून उजेड एक चतुर्थांश उरतो. १० मीटरवर १० लक्स देणारा दिवा २० मीटरवर अडीच लक्स देईल आणि ४० मीटरवर जेमतेम अर्ध्या लक्सच्या वर. स्वच्छ आकाशातली पौर्णिमा साधारण पाव लक्सची असते, यावरून अंदाज यावा. आणखी एक गोष्ट अशी की डोळा उजेड सरळ प्रमाणात मोजत नाही. ४०० ऐवजी ८०० लुमेनचा दिवा आणला तर तो दुप्पट प्रखर वाटत नाही, थोडासा जास्त वाटतो. बॅटरी मात्र दुप्पट वेगाने संपते.

माझ्या मते दिव्याची खरी परीक्षा त्याच्या झोताच्या आकारात आहे. भिंतीपासून चार-पाच मीटरवर सायकल उभी करून दिवा लावा. स्वस्त आणि जोरदार दिव्यांचा झोत बहुतेक वेळा गोल पडतो, हातातल्या टॉर्चसारखा: मधे पांढराशुभ्र ठिपका, भोवती फिकट वर्तुळ. यातला निम्मा प्रकाश रस्त्यावर जातच नाही. तो झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. नीट घडवलेल्या झोताला वरच्या बाजूने आडवी, स्पष्ट कड असते. त्या कडेच्या वर अंधार आणि लगेच खाली सगळ्यात जास्त उजेड, कारण लांबचा रस्ता झोताच्या वरच्या भागातूनच उजळतो आणि जवळच्या रस्त्याला थोडक्यात भागतं. मोटारीच्या डिपर दिव्याची रचना अशीच असते. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलच्या पुढच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत, अशी सक्ती आहे आणि म्हणूनच तिथल्या बाजारासाठी बनलेल्या दिव्यांना ही कड असते. तसा २०० लुमेनचा दिवा गोल झोताच्या ६०० लुमेनच्या दिव्यापेक्षा रस्ता चांगला दाखवू शकतो.

डोळे दिपण्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा त्रास आपण दुसऱ्याला देतो आणि आपल्याला तो कळत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. दिपायला एक क्षण पुरतो. समोरून चालत येणाऱ्या वयस्क माणसाला त्यातून सावरायला आणखी वेळ लागतो. आणि ज्याला आपला दिवा सोडून काहीच दिसत नाही, तो आपल्याला चुकवणार तरी कसा? गोल झोताचा दिवा असेल तर तो खाली झुकवा. झोताचा मधला भाग समोर १०-१५ मीटरवर जमिनीला टेकला पाहिजे.

वीज कुठून आणायची

दिव्यांचे खरे प्रकार पडतात ते विजेवरून. तेलाच्या आणि मग कार्बाइडच्या दिव्यांचा काळ सायकलने पाहिलाय. कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडून तयार होणारा ॲसिटिलीन वायू जळायचा आणि पांढराशुभ्र उजेड द्यायचा. त्यानंतर आला डायनॅमो.

टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो अनेकांना आठवत असेल. खटका दाबला की त्याचं दातेरी डोकं टायरच्या कडेवर टेकायचं, घूं असा आवाज सुरू व्हायचा आणि पेडल जड व्हायचं. चाकाबरोबर आतलं चुंबक फिरतं, भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. चार्जिंग नको, सेल नको, दिवा विसरायची सोय नाही. पण पावसात टायर ओला झाला की डोकं घसरतं आणि ऐन गरजेच्या वेळी दिवा फडफडतो. टायरची कड झिजते ती वेगळीच. शिवाय पायाची बरीच ताकद घासण्यात वाया जाते.

जुन्या डायनॅमोची एक खोड समजून घेण्यासारखी आहे. पुढचा बल्ब गेला की थोड्याच वेळात मागचाही जायचा. लोक म्हणायचे, बल्ब खराब निघाले. खरं कारण डायनॅमोच्या स्वभावात आहे. त्याचा प्रवाह ठरावीक वेगानंतर अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो. वेग वाढवला तरी वेटोळ्याचा स्वतःचा अडथळाही सोबत वाढतो, म्हणून प्रवाह फारसा वाढत नाही. हा अर्धा अँपिअर पुढच्या मोठ्या आणि मागच्या छोट्या बल्बमध्ये वाटला जायचा. पुढचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचा प्रवाहही मागच्या बिचाऱ्या छोट्या बल्बमधून जायला बघायचा, आणि तोही उडायचा. आजच्या एलईडी दिव्यात हा प्रवाह सांभाळणारं सर्किट आतच असतं, म्हणून तो त्रास गेला.

डायनॅमोचं सुधारलेलं रूप म्हणजे हब डायनॅमो. यात सगळी यंत्रणा पुढच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये बंद असते. घासणं नाही, आवाज नाही, पावसाचा परिणाम नाही. कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने असा हब १९३० च्या दशकातच विकायला आणला होता. पण फिलामेंटच्या बल्बमुळे तेव्हा त्याचा उजेड तुटपुंजा होता. प्रमाण ठरलंय ६ व्होल्ट आणि ३ वॅटचं. बल्ब एका वॅटमागे १०-१५ लुमेन द्यायचा. आजचा एलईडी शंभरावर देतो. पायाची ताकद तीच, चाक तेच, उजेड कितीतरी पट. डायनॅमो जुनाट म्हणून अडगळीत जाणार असं वाटत असतानाच एलईडीने त्याला पुन्हा जिवंत केलं.

"सायकल जड जाते का?" हा प्रश्न हमखास येतो. चांगल्या हब डायनॅमोवर दिवा चालू असताना पाच-सहा वॅट जास्त लागतात. आरामात सायकल चालवणारा माणूस शंभरेक वॅट लावत असतो. फरक आहे, पण समोरच्या किंचित वाऱ्याएवढा. आणि सिग्नलला थांबल्यावर दिवा विझतो, ही जुनी तक्रार आता उरली नाही. दिव्यात एक छोटा कपॅसिटर असतो, तो चालताना भरतो आणि थांबल्यावर काही मिनिटं दिवा तेवत ठेवतो. विकत घेताना ही सोय पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे ना, ते जरूर पाहा. हब डायनॅमोचा खरा तोटा म्हणजे त्यासाठी पुढचं चाकच नव्याने बांधून घ्यावं लागतं, आणि ते महाग पडतं. दिवा एका सायकलवरून काढून दुसरीवर लावता येत नाही. जर्मनीत २०१३ पर्यंत साध्या सायकलींना डायनॅमोचाच दिवा लावणं बंधनकारक होतं, त्यानंतर बॅटरीच्या दिव्यालाही मुभा मिळाली.

बॅटरीचा, केबलने चार्ज होणारा दिवा आज सगळ्यात जास्त खपतो आणि त्याचं कारण उघड आहे: रबरी पट्ट्याने दोन सेकंदांत हँडलला लागतो, काढून खिशात टाकता येतो, चोरीची भीती नाही, आणि त्याच वजनात डायनॅमोपेक्षा कितीतरी जास्त उजेड देतो. पण त्याच्या पोटात काय आहे, ते ओळखून घ्यावं. मोठ्या दिव्यांमध्ये बहुतेक वेळा १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. असा एक चांगला सेल साधारण १२ वॅट-तास ऊर्जा साठवतो. एका वॅटमागे १०० लुमेन धरले तर ४०० लुमेनसाठी ४ वॅट, म्हणजे तो दिवा तीन तासांच्या आतच संपणार. आता एखाद्या एका सेलच्या दिव्यावर "१००० लुमेन, ८ तास" असं लिहिलेलं दिसलं तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, हे तुम्हाला कागद-पेन्सिल न घेता कळेल. आठ तास मिळतील, पण सगळ्यात मंद उजेडात. हजार लुमेनही मिळतील, पण थोडा वेळ. नंतर दिवा तापतो आणि स्वतःला वाचवायला आपणहून मंद होतो.

लिथियम-आयन दिव्याची मला सर्वांत धोकादायक वाटणारी गोष्ट म्हणजे तो कसा संपतो. जुन्या सेलचा दिवा हळूहळू पिवळा पडायचा, आपल्याला सावध करायचा. हा मात्र शेवटपर्यंत तसाच उजळ राहतो आणि मग एकदम गप्प होतो. उतारावर, वळणावर, कुठेही. म्हणून चार्ज किती उरलाय ते दाखवणारा, आणि संपत आला की आपणहून मंद उजेडावर जाणारा दिवा घ्यावा. कडाक्याच्या थंडीत हा सेल कमी वेळ चालतो. शेकडो वेळा चार्ज झाल्यावर त्याची साठवण घटते, आणि सेल आत चिकटवलेला असेल तर अख्खा दिवा टाकून द्यावा लागतो. बदलता येणारा सेल असलेला दिवा मला म्हणूनच पसंत आहे. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण हा या दिव्यांचा सगळ्यात नाजूक भाग. ते सैल झालं की पाणी आत जातं, पिनांवर हिरवट थर चढतो आणि दिवा कायमचा जातो. खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर दिवा चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसतो. आयपीएक्स७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. पण हे सगळं झाकण नीट बसलं असेल तर.

साध्या पेन्सिल सेलवर चालणारे दिवे आता मागे पडलेत, तरी लांबच्या प्रवासात त्यांचं मोल कळतं. सेल कुठेही मिळतो आणि बदलायला मिनिट लागतं. उजेड बेताचा. न वापरता ठेवलेला सेल आतच पाझरून दिवा खराब करतो, एवढं लक्षात ठेवून काढून ठेवावा. बटणाएवढ्या सेलचे चिमुकले दिवे फक्त दिसण्यापुरते. दप्तरात एक जादा म्हणून ठेवायला उत्तम.

चुंबकाचे दिवे थोडे अनोळखी आहेत. स्पोकला छोटी चुंबकं बसवायची आणि दिवा चाकाशेजारी, न टेकता. चुंबक समोरून गेलं की दिव्यातल्या वेटोळ्यात वीज तयार होते. घासणं नाही, चार्जिंग नाही, बटणसुद्धा नाही. चाक फिरलं की दिवा लागला. उजेड थोडा, रस्ता दाखवण्याच्या कामाचा नाही. पण दिवस असो की रात्र, तो सतत चालू राहतो, आणि यातच त्याची ताकद आहे. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये ३,८०० हून अधिक सायकलस्वारांवर असा प्रयोग झाला. निम्म्यांच्या आसपास लोकांना असे सतत चालणारे दिवे दिले होते. त्यांना अपघातात इजा होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १९ टक्के कमी भरलं. एवढ्याशा दिव्याने एवढा फरक पडावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

विजेवरच्या सायकलींचा दिवा मुख्य बॅटरीवरच चालतो. त्यात वेगळं निवडण्यासारखं फारसं नसतं.

मागचा लाल, आणि त्याच्या लुकलुकण्याचा वाद

एलईडी सायकलवर आधी मागे आला, पुढे नंतर. लाल एलईडी १९६२ पासून होता. पांढऱ्यासाठी प्रखर निळा एलईडी लागतो, आणि तो १९९० च्या दशकात जपानमध्ये साधला. त्या कामाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तोपर्यंत कित्येक सायकली मागे एलईडी आणि पुढे बल्ब घेऊन फिरल्या.

मागचा दिवा लुकलुकता ठेवावा की स्थिर? लुकलुकणारा दिवा नजर चटकन वेधतो, विशेषतः दिवसा, आणि बॅटरीही वाचते. पण रात्री मागून येणाऱ्याला आपण किती लांब आहोत आणि किती वेगाने जवळ येतोय, हे ठरवायला स्थिर ठिपका लागतो. क्षणात दिसणाऱ्या, क्षणात विझणाऱ्या ठिपक्यावरून अंतर धरता येत नाही. जर्मनीत सायकलवरच्या लुकलुकत्या दिव्यांना परवानगीच नाही. माझा शिरस्ता असा: दिवसा लुकलुकता, अंधार पडला की स्थिर. दोन मागचे दिवे असतील तर एक स्थिर, एक मंद लुकलुकता. घोळक्यात चालवताना मात्र मागच्या मित्राच्या तोंडावर लुकलुकता दिवा मारू नये. तासाभरात त्याचं डोकं दुखायला लागतं.

रिफ्लेक्टरला दिवा कुणी म्हणत नाही, पण तो कधी संपत नाही. त्यातल्या बारीक कोनाकृती खाचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतात, म्हणून मोटारवाल्याला तो त्याच्याच दिव्याच्या उजेडात लखलखताना दिसतो. मर्यादा हीच: त्याच्यावर झोत पडलाच नाही, तर तो काळा ठिपका. गल्लीतून आडव्या येणाऱ्या गाडीला तो उशिरा दिसतो. पेडलवरचे रिफ्लेक्टर आणि घोट्याला बांधायची चमकती पट्टी यांवर माझा विशेष जीव आहे. ते वरखाली होतात, आणि ती चाल पाहताक्षणी "हा माणूस आहे" हे मेंदूला कळतं. खांबावरच्या लाल ठिपक्याशी त्याची गफलत होत नाही.

दिवा कुठे लावला यावर अर्धं काम ठरतं

खड्डा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. दिवा डोळ्यांच्या जितका खाली, तितकी सावली लांब. म्हणून पुढच्या चिमट्याच्या माथ्यावर लावलेला दिवा रस्त्याचा खडबडीतपणा हँडलवरच्या दिव्यापेक्षा जास्त दाखवतो. हेल्मेटवरच्या दिव्याचं उलट होतं. तो डोळ्यांच्याच जागेवरून उजेड टाकतो, सावल्या खड्ड्याच्या पलीकडे लपतात आणि रस्ता सपाट, गुळगुळीत भासतो. धुक्यात तर समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. पण वळणावर मान वळवली की उजेड तिकडे जातो, ही त्याची मोठी सोय. डोंगरातल्या पायवाटेवर हँडलला एक आणि डोक्यावर एक अशी जोडीच लागते. एकट्या हेल्मेटच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. आणि चाकासमोरची जमीन लख्ख उजळवू नका. जवळचा उजेड जास्त झाला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं दिसेनासं होतं.

रोज एकाच सायकलने कामावर जाणाऱ्याला मी हब डायनॅमो सुचवेन, खर्च झेपत असेल तर. ज्याच्या दोन सायकली आहेत किंवा जो कधीतरी रात्री निघतो, त्याला आडव्या कडेच्या झोताचा बॅटरीचा दिवा. फक्त दिव्यांच्या रस्त्यावरून फिरणाऱ्याला छोटे दिवे पुरेत, पण पुढे-मागे दोन्ही. आणि सगळ्यांनाच खिशात एक जादा मागचा दिवा, कारण मागचा गेलेला आपल्याला कळत नाही.

मी आता पावसाच्या आधी एकदा रेनकोट घालून, पाठीला पिशवी अडकवून सायकलवर बसतो आणि घरातल्या कुणाला तरी वीस पावलं मागे उभं करतो. पहिल्याच वेळी उत्तर आलं, "नाही दिसत." सीटखालचा तो दिवा काढून मी कॅरियरच्या टोकाला लावला. तिथपर्यंत रेनकोट पोचत नाही.